डावी बाजू

थोरल्या जावेने, हेमांगीने, ट्रे पुढे धरला तेव्हा दिपमालाचा हात सवयीने सगळ्यात जवळच्या कपाकडे गेला, आणि हेमांगीने ट्रे जरासा फिरवला. फार नाही, ताटातली वाटी सरकवावी तेवढाच. पण तेवढ्याने निळ्या फुलांचे कप पलीकडे गेले आणि अलीकडे आला तो एकटा कागदी कप, टपरीवर मिळतो तसला, काठोकाठ भरलेला. "हा घे," हेमांगी म्हणाली, "तुझ्यात साखर कमी टाकलीय." दिपमालाने आयुष्यात कधी साखर कमी केली नव्हती. साखरेचा त्रास होता तो सासूबाईंना, आणि इंदिराबाई समोरच्या दिवाणावर बसून निळ्या फुलांच्या कपातून गोडमिट्ट चहा फुरके मारत पीत होत्या. दिपमालाने कागदी कप घेतला. कप पातळ होता आणि चहा उकळता, त्यामुळे बोटं भाजायला लागली. तरी तिने तो खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. प्यायलं तर कबूल केल्यासारखं होईल, ठेवला तर आल्या आल्या भांडण काढल्यासारखं होईल, आणि भांडण काढायचंच असेल तर ते आपल्या वेळेला काढू, असं तिने मनाशी ठरवलं.

खोलीत सगळे जण एकदम कशात ना कशात गुंतले. नवल, तिचा नवरा, मोबाईल उघडून बसला. थोरले दीर प्रेमराज केळीचे खांब नीट बांधलेत का हे तिसऱ्यांदा बघायला उठले. आज कानबाई, खान्देशातली श्रावणाची देवी, घरी बसायची होती. धुळ्याला, देवपुरातल्या थोरल्या घरी, दरवर्षी श्रावणातल्या या रविवारी सगळे भाऊबंद जमत, आणि दिपमाला नि नवल सकाळच्या एसटीने जळगावहून येत. चौरंग मांडून झाला होता. कानबाई म्हणून मांडायच्या नारळाला अजून नथ घालायची होती. मोनाली, दिपमालाची मुलगी, चुलतभावंडांबरोबर गच्चीवर पळाली होती आणि तिला तिथेच कुणीतरी चहा-बिस्किटं दिली होती, कुठल्या कपात ते दिपमालाला बघायला मिळालं नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि तिथे फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी, कागदी कपांचं पाकीट दिसत होतं. एका टोकाला फोडलेलं. चांगलं लांबलचक पाकीट होतं. एवढे कप कुणी एका दुपारसाठी आणत नाही. म्हणजे हेमांगी शाळेतले तास संपवून दुकानात गेली असणार, पाकीट दाखवा म्हणाली असणार, आणि लहान की मोठं असं दुकानदाराने विचारल्यावर क्षणभर विचार करून तिने मोठं घेतलं असणार. तो क्षणभराचा विचार दिपमालाला कपापेक्षा जास्त लागला.

तशी हेमांगी वाईट नव्हती. तीच तर गंमत होती. फाल्गुनात, जेव्हा सगळ्यांना वाटत होतं की दिपमालाला कॅन्सर आहे, तेव्हा हीच हेमांगी शाळेत रजा टाकून जळगावला, पिंप्राळ्याच्या घरी, येऊन राहिली होती. तिने दिपमालाच्या डोक्याला तेल लावलं होतं, तिच्या ताटातला उरलेला भात स्वतः खाल्ला होता, आणि एकदा बाथरूममध्ये नळ सोडून मोठ्याने रडली होती, ते दिपमालाने बाहेरून ऐकलं होतं. त्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसे. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका डबे घेऊन यायच्या. कुणी शेव-भाजी, कुणी मुगाची खिचडी. गल्लीतल्या ज्या बाईने दोन वर्षं शिलाईवरून घासाघीस केली होती, तिने दिपमालाचे दोन्ही हात हातात धरले आणि सोडेच ना. मरणाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हात लावायला कुणाला भीती वाटत नाही. तेव्हा दिपमालाला हे फार चांगलं वाटलं होतं, आणि आता ते आठवलं की नकोसं होत होतं, कारण तेव्हाच्या मायेची किंमत काय होती ते या कागदी कपाने दाखवून दिलं होतं.

सुरुवात ब्लाउजपासून झाली होती. पिंप्राळ्याच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं, आणि कॉलनीतली एकही बाई अशी नव्हती जिची छाती, मुंढा आणि पाठ दिपमालाच्या टेपखालून गेली नव्हती. या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. कुठल्याही बाईच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक बाजू नेहमी थोडी भरलेली असते. ते बाईला सांगायचं नसतं. गुपचूप एका बाजूची कटोरी सैल करायची, टकाची चुणी जरा सरकवायची, मार्जिन सोडायचं, आणि बाई आरशापुढे वळून बघते आणि म्हणते, तुमच्या हाताला बसतं तसं कुणाच्याच हाताला बसत नाही. दिपमालाला आपल्या या न बोलण्याचा अभिमान होता. कार्तिकात, भाचीच्या लग्नासाठी तिने स्वतःचा मोरपंखी ब्लाउज काढला, आणि हुक लावताना तो डावीकडे ओढायला लागला. तिने उसवला, डावी कटोरी मोकळी केली, पुन्हा घातला. छान बसला. महिन्याभरात तो परत ओढायला लागला आणि तिने पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळेला मार्जिनच उरलं नाही, तेव्हा ती कापडाकडे बघत बसली, आणि मग कुठे तिचा हात कापड सोडून अंगावर गेला. आत, वरच्या बाजूला, सुपारीपेक्षा मोठं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. जगाच्या बायकांचं झाकत आलेल्या हाताने तिचं स्वतःचंही झाकून टाकलं होतं, आणि सफाईने.

मग सगळं भराभर झालं. गाठीवरची कातडी लाल झाली आणि एके दिवशी फुटली. कॉलनीतले डॉक्टर म्हणाले, गळू आहे, आणि त्यांनी चिरा देऊन पू काढला, गोळ्या दिल्या. जखम भरायची, पुन्हा फुटायची. पांढरट, दह्याच्या चोथ्यासारखं काहीतरी येत राहायचं. ब्लाउजच्या आत ती जुन्या सुती साडीची घडी ठेवायची आणि त्यावर अस्तर जोडायची. कामात ती कच्ची नव्हतीच. संध्याकाळी अंग कसकसायचं, भूक मेली होती, आणि नवल म्हणायचा, मशीनवर वाकून बसतेस दिवसभर, दुसरं काय होणार. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात, जिथे काचेचं दार आपोआप उघडायचं, तिथल्या सर्जननी दोन बोटांनी गाठ दाबली, काखेत दाबलं, सोनोग्राफीचा कागद उजेडासमोर धरला आणि नवलकडे बघत सांगितलं की लक्षणं चांगली नाहीत, काढून टाकावं लागेल, उशीर करू नका. काय काढून टाकायचं ते ते बोलले नाहीत. नवलनेही विचारलं नाही. दोघा पुरुषांनी ऑपरेशनचा दिवसही ठरवत आणला, आणि दिपमाला मधल्या खुर्चीवर बसून आपल्या मांडीवरची पिशवी बघत राहिली. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला. "तुकडा काढून तपासल्याशिवाय मी काही कापू देणार नाही." सर्जन चष्म्यावरून बघू लागले. नवल हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, डॉक्टर सांगताहेत ना." ती म्हणाली, "मी साधा सव्वा मीटरचा पीस कापायच्या आधी दोनदा मोजते. हे एकदा कापलं की परत जोडायला येणार आहे का?" सर्जन त्यावर रागावले नाहीत, उलट म्हणाले की तपासणी तर करणारच होतो, पण आता सरकारीत करून घ्या, तिथे सगळ्या मशिनी आहेत. रिक्षात नवल तिच्याशी बोलला नाही. तिला वाटत होतं की त्याला तिच्या जिवाची भीती आहे म्हणून तो गप्प आहे, आणि ते खरंही होतं, पण पुरतं खरं नव्हतं. चार लोकांत बायको तोंड वर करून बोलली हेही त्या गप्प बसण्यात होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शिरपूरकडच्या, आणि त्यांच्या टेबलापुढे एवढी गर्दी असायची की दिपमालाला आपलं दुखणं सांगताना मागच्या बाईचं कोपर पाठीला लागायचं. पण त्या प्रश्न विचारायच्या. खोकला आहे का. ताप संध्याकाळीच येतो का. वजन उतरलं का. घरात कुणाला पूर्वी काही झालं होतं का. आधी बारीक सुई घातली, मग जाड सुईने तुकडा काढला, आणि जखमेतला पू वेगळ्या डबीत घेऊन वेगळ्या मशीनला पाठवला. छातीचा फोटो झाला, थुंकी तपासली. रिपोर्ट आला त्या दिवशी इंदिराबाईही बरोबर होत्या. डॉक्टरीणबाई कागद वाचून म्हणाल्या, "कॅन्सर नाही. टीबी आहे." दिपमालाला आधी कळलंच नाही. "टीबी तर फुप्फुसाला होतो ना?" "केस आणि नखं सोडून कुठेही होतो. स्तनाला कमी होतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही. गाठ पाहून कॅन्सरच वाटतो." त्यांनी स्तन हा शब्द असा घेतला, मनगट किंवा गुडघा म्हणावं तसा, की दिपमालाला एकदम हलकं वाटलं. आजवर घरात कुणीच तो शब्द तोंडात आणला नव्हता. 'तिकडे' म्हणायचे. तिकडे दुखतंय का, तिकडचं काय म्हणाले. "काढावं नाही लागणार?" "कशाला काढायचं? सहा महिने गोळ्या. आधी चार औषधं एकत्र, मग तीन. एक दिवसही चुकवायची नाही. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. मळमळलं, डोळे पिवळे दिसले, नजर अंधुक झाली तर लगेच यायचं." आणि मग, कागद परत देताना, जणू रोजच सांगावं लागत असल्यासारखं, "तुमचा फोटो स्वच्छ आहे, थुंकीत जंतू नाहीत. तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. ताट-वाटी, अंथरूण, काही वेगळं करायचं नाही. घरातल्या सगळ्यांना एकदा तपासून घ्या, म्हणजे कुणाकडून आला असेल तर कळेल." दिपमाला त्या गर्दीत मोठ्याने हसली. मागच्या बाईने कोपर काढून घेतलं. तिला वाटत होतं बाहेर जाऊन पेढे वाटावेत.

बाहेर बाकावर मात्र इंदिराबाई गप्प बसल्या होत्या. औषधं मिळायच्या खिडकीपुढे रांग होती आणि नवल रांगेत उभा होता. मग त्या बोलल्या, दिपमालाकडे न बघता. "मन्ही मोठी बहीन व्हती, भिकुबाई. तिलेबी हाऊच रोग व्हता." दिपमालाने हे नाव त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. शिरपूरच्या पलीकडे, डोंगराकडच्या गावात, गोठ्याच्या बाजूला भिकुबाईची खाट टाकली होती. थाळी वेगळी, तांब्या वेगळा. इंदिराबाई सगळ्यांत धाकट्या, म्हणून भाकर घेऊन त्यांनाच धाडायचे. "पानी मांगे ती. मी दूर उभी राहीसन वरथीन टाकू. तिना हातले तांब्या लागाले नको ना. पानी बठ्ठं उडी जाये. ती म्हने, इंदे, तांब्या जरा खाले लय ना." इंदिराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मी नही लयना." तांब्या कधी खाली आणलाच नव्हता त्यांनी. दिपमालाने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला, पण त्यात काही नव्हतं, रिकाम्या पिशवीसारखा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराबाई धुळ्याला निघून गेल्या. पुढच्या आठवड्यापर्यंत राहणार होत्या.

आणि फोनवर हेमांगी. दिपमालाने आनंदाने ओरडून सांगितलं, ताई, कॅन्सर नाही, टीबी आहे, बरा होतो.  मग हेमांगी म्हणाली, "बरं." नंतर म्हणाली, "बरं झालं." या दोन्हींच्या मधे जे गेलं ते दिपमालाला तेव्हा दिसलं नाही. हळूहळू दिसायला लागलं. डबे बंद झाले. हात धरून न सोडणारी बाई दारातूनच म्हणाली, माझे दोन पीस द्या हो, घाई नाही पण असू द्या, आणि कापलेलं, न जोडलेलं कापड तसंच पिशवीत कोंबून घेऊन गेली. बाह्या एकीकडे, पाठ एकीकडे. नवल म्हणाला, विचारलं तर सांग, पाठीत गाठ होती. ती म्हणाली, पाठीत कशाला? तो म्हणाला, लोक समजून घेत नाहीत. तिने विचारलं, लोक की तुम्ही? त्या रात्री नवलने मोनालीला आपल्या बाजूला झोपवलं, भिंतीकडे, आणि पंख्याचं वारं इकडे चांगलं येतं असं सांगितलं. दिपमाला अंधारात पंख्याकडे बघत राहिली. पंखा खोलीच्या मधोमध होता. सकाळी उठून तिने मोनालीची उशी उचलली आणि आपल्या उशीला लागून ठेवली, आणि नवल दाढी करता करता आरशातून बघतोय हे माहीत असूनही मागे वळली नाही. त्यानंतर वाऱ्याचा विषय निघाला नाही.

गोळ्या ती मशीनवर बसून घ्यायची, आल्या-गेल्या गिऱ्हाइकासमोर. पहिले काही आठवडे पोटात ढवळायचं, तोंडाला लोखंडाची चव यायची, आणि केशरी लघवी बघून पहिल्या दिवशी ती घाबरली नाही, हसली. आपल्या आतून असा झेंडूचा रंग निघेल असं कधी वाटलं नव्हतं. जखम खालून भरत आली. एक दिवस घडीला डाग नव्हता. पुढेही नव्हता. वैशाखात ती आरशापुढे उभी राहिली, दिवा लावून, दार लावून, आणि नीट बघितलं. डाव्या बाजूला वर एक खळी पडली होती, घाईत घातलेल्या टाक्यासारखी चुणलेली, आणि भोवतीची कातडी तांबूस. गिऱ्हाईक असती तर तिने तिथे काहीतरी जुगाड करून झाकलं असतं. स्वतःच्या नव्या ब्लाउजला तिने डावी बाजू आहे तशीच मोजली, आहे तशीच शिवली. त्यानंतर आणखी एक झालं. नशिराबादहून एक तरुण बाई मापाला आली होती, आणि टेप फिरवताना दिपमालाला उजवीकडे काहीतरी वेगळं जाणवलं. जुन्या दिपमालाने टक सरकवला असता. या दिपमालाने टेप गळ्यात टाकला आणि म्हणाली, "ताई, ब्लाउज नंतर शिवू. ही बाजू आधी दवाखान्यात दाखव. मी येते बरोबर." ती बाई रागाने लाल झाली, निघून गेली, आणि दोन आठवड्यांनी परत आली. दुधाची गाठ होती, साधी, औषधाने जाईल म्हणाले होते. येताना तिने केळ्यांचा अख्खा घड आणला होता आणि दारात न थांबता ती सरळ आत येऊन बसली.

इथे हातातल्या चहावर साय धरली होती. आता कप भाजत नव्हता, नुसता मऊ पडला होता, आणि खालून ओलसर लागत होता. स्वयंपाकघरात परात ओढल्याचा आवाज झाला. दिपमालाला तो आवाज ओळखीचा होता. ती मोठी पितळी परात वर्षातून एकदाच निघायची, कानबाईच्या रोटासाठी, प्रसादाच्या पोळ्यांसाठी. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, धुऊन स्वच्छ केलेल्या गिरणीवर एकदाच दळायचे, आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनी मिळून संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. नवलची सव्वा मूठ त्यात होती, दिरांची होती, गच्चीवरच्या दोन पोरांची होती. मोनालीची नव्हती, दिपमालाची तर नाहीच. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सगळी कणीक मळत आली होती दिपमाला, कारण मशीन चालवून तिच्या मनगटात जोर होता, आणि हेमांगीचे हात खडूने कोरडे पडलेले असत. दरवर्षी पीठ परातीत पडलं की इंदिराबाई आतूनच हाक मारायच्या, दिपमाला, ये माय. यंदा हाक आली नाही. आत हेमांगी बांगड्या वर सारत होती.

दिपमाला उठली. इंदिराबाई दिवाणावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. "तू बस ना माय. कसाले उठस? तुले आराम पाहिजे."

"आराम झाला, आई. चार महिने झाला."

हेमांगीने परातीवर हात धरला. तिचा आवाज शाळेतला झाला होता, समजूतदार. "या वर्षी मी मळते, दिपमाला. तू मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनी खायचं असतं ना. लहान मुलं आहेत घरात."

"माझीही आहे एक. ती माझ्याच हातचं खाते, माझ्याच शेजारी झोपते. तिचीही तपासणी झाली, यांचीही झाली. काही निघालं नाही."

"अगं, कळतंय मला. पण ते... तसलं आहे ना."

"तसलं म्हणजे कसलं, ताई? नाव घ्या ना. टीबी. कॅन्सर म्हणताना तुमची जीभ अडली नव्हती. तेव्हा माझ्या ताटातलं जेवलात. ते मी विसरले नाही, म्हणून विचारते. तेव्हा मी मरणार होते तर चालत होते, आणि आता जगणार आहे तर कागदी कप?"

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, आणि त्याने दिपमालाचं काही अडलं नाही. मागून नवल आला होता. "दिपमाला, देवीचं काम आहे. आज नको. घरी गेल्यावर बोलू." त्याच्या आवाजात विनवणी होती. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. "घरी काय बोलायचं? तिथे तर पाठीत गाठ आहे मला," ती म्हणाली. प्रेमराज केळीच्या खांबाला हात धरून उभे होते.  ती बाहेर गेली, मऊ पडलेला कागदी कप ट्रेमध्ये निळ्या फुलांच्या रिकाम्या कपांच्या बरोबर मधे ठेवला, भरलेला, आणि परत आली. मोरीवर हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश. मग पाट ओढून परातीशी बसली. हेमांगीचा हात अजून परातीच्या काठावर होता. दिपमालाने त्याला स्पर्श केला नाही, बाजूलाही सारला नाही. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात घातले.

पीठ गार होतं, आणि त्यातून गिरणीच्या दगडाचा वास येत होता. हेमांगीचा हात निघून गेला. आता दुसरं पीठ नव्हतं. हे टाकता येणार नव्हतं, बदलता येणार नव्हतं, आणि हे खाल्ल्याशिवाय कानबाई उठणार नव्हती. दिपमालाने मधे आळं केलं. तिला स्वतःच्या छातीत धडधड ऐकू येत होती, डाव्या बाजूला, त्या खळीच्या मागे, आणि वाटलं की एवढी जिवंत ती कित्येक दिवसांत नव्हती. "पाणी द्या कुणीतरी," ती म्हणाली. "माझे हात भरलेत."

 गच्चीवर पोरांच्या पळण्याचा आवाज येत होता. मग इंदिराबाईंच्या गुडघ्यांची कुरकुर ऐकू आली. त्यांनी माठातून तांब्या भरला आणि त्या परातीशी येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी तांब्या तिरका केला, छातीच्या उंचीवरून, आणि पाण्याची बारीक धार खाली आली. ती आळ्यात पडलीच नाही. काठावर आपटली, कोरडं पीठ उडालं, दिपमालाच्या पापण्यांवर बसलं. दिपमालाने वर बघितलं. सासूचे डोळे तिच्यावर नव्हते. तिच्या हातांवर होते, आणि हातांच्याही पलीकडे कुठेतरी, आणि तो तांब्या धरलेला हात सत्तरीच्या बाईचा वाटत नव्हता, भाकर घेऊन धाडलेल्या पोरीचा वाटत होता. दिपमालाला दया आली. पण दया येऊनही ती हात काढून उठली नाही.

"आई," ती म्हणाली, "तांब्या खाली आणा."

इंदिराबाईंची धार थांबली. त्यांनी दिपमालाच्या चेहऱ्याकडे बघितलं, बाकावरच्या त्या दिवसापासून पहिल्यांदा.  मग एक हात ओट्याला टेकवून त्या वाकल्या, गुडघा मोडून खाली बसल्या, आणि त्यांनी तांब्या इतका खाली आणला की त्याचा काठ दिपमालाच्या पिठाने माखलेल्या बोटांना टेकला. त्यांनी तो मागे घेतला नाही. पाणी तिच्या बोटांवरून, खाचांमधून आळ्यात उतरलं. दिपमालाने पीठ कडेने ओढून घेतलं.

"अजून टाका," ती म्हणाली.